मढवी सिस्टरांची उचकी

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मी स्वतः त्यांतलीच. पण मढवी सिस्टरांइतकं भित्रं माणूस आमच्या अख्ख्या दवाखान्यात दुसरं नव्हतं, आणि नेमकं त्यांनाच सगळ्यात भीतीच्या खोलीत बसवलं होतं. कोणी बसवलं, का बसवलं, देव जाणे. भिवंडीतल्या आमच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या ओपीडीला लागून एक चिंचोळी खोली आहे. गर्भपातासाठी आलेल्या बायकांना आधी तिथं पाठवायचे. सिस्टर तिथल्या इनचार्ज आणि मी समुपदेशक, तीही कंत्राटी. माझं टेबल त्यांच्या टेबलासमोर होतं, त्यामुळे त्यांची भीती मी रोज समोरून बघितली आहे.

त्यांची खुर्ची कायम भिंतीला टेकलेली असायची. पाठीमागून कोणी आलेलं त्यांना खपायचं नाही. औषधांच्या कपाटाला कुलूप लावून दारापर्यंत जायच्या आणि परत येऊन ते ओढून बघायच्या. फोन वाजला की उचलायच्या आधी माझ्याकडे बघून, "अगं बाई, कोण असेल?" जसं काही मला दिसतंय कोण आहे ते! धामणकर नाक्यावर रस्ता ओलांडायचा म्हणजे तर सोहळाच. कंटेनर, टेम्पो, शेअर रिक्षा, सगळं अंगावर येत असायचं आणि सिस्टर माझा दंड पकडून उभ्या. एखादा म्हातारा पलीकडे निघाला की त्याच्या मागोमाग त्या निघायच्या. "एवढी वर्षं जगलाय ना तो, म्हणजे त्याला जमतं," असं त्यांचं शास्त्र होतं.

आणि उचकी. बाहेर पॅसेजमध्ये एखाद्या पुरुषाचा आवाज चढला की सिस्टरांना उचकी लागायची. साधीसुधी नव्हे, अख्खं अंग हलवणारी. आम्ही हसायचो. वॉर्डबॉय तर मुद्दाम बाहेरून ओरडायचे. सिस्टर पदरानं तोंड दाबायच्या आणि स्वतःच हसायच्या, पण डोळ्यांत पाणी आलेलं असायचं. ते हसण्याचं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची काम करायची एक रीत होती. बाईसोबत नवरा, सासू, जाऊ, जो कोण आला असेल त्याला त्या आधी बाहेर काढायच्या. "बाहेर व्हा" म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून कामाला लावायच्या. "जरा पाण्याची बाटली आणा हां. पण गार नको, साधी." आता भिवंडीच्या उन्हाळ्यात साध्या पाण्याची बाटली शोधून दाखवा! सगळे दुकानदार बाटल्या फ्रीजमध्ये कोंबून ठेवतात. बिचारी माणसं दुकानामागून दुकान फिरायची. तेवढ्यात सिस्टर दार लोटायच्या, स्टूल ओढून त्या बाईच्या अगदी जवळ बसायच्या आणि विचारायच्या, "तुला काय हवंय? तुला. घरच्यांचं मला कळलं."

पुष्कळ बायकांना हा प्रश्नच कळायचा नाही. त्या दाराकडे बघायच्या, उत्तर दाराबाहेर गेलंय अशा. एक जण बराच वेळ विचार करून म्हणाली होती, "सिस्टर, मला ना, गरम भजी हवीत." सिस्टरांनी खरंच भजी मागवली. ती बाई खाता खाता रडली आणि मग तिला काय हवंय ते तिनं सांगितलं.

एकदा लूमवर काम करणारा एक जण बायकोला घेऊन आला. रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे लाल. "तीन लडकियाँ हैं सिस्टर, अब ये नहीं चाहिए. साफ कर दो, जल्दी." त्याला पाण्याला पाठवलं. बायको पदर चावत बसली होती. सिस्टरांनी विचारलं, "तुमको क्या चाहिए? तुमको." ती इतक्या हळू बोलली की मला ओठांवरून समजलं. "रखना है. पर मत बोलना कि मैंने बोला." सिस्टर बाहेर गेल्या आणि त्या माणसाला म्हणाल्या, "आज नहीं होगा. इसका खून कम है." ते खोटंही नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या कुठल्या बाईचं रक्त कमी नसतं? त्यानं टेबलावर मूठ आपटली. काचेखाली ठेवलेले देवांचे फोटोसुद्धा हलले. सिस्टरांना उचकी सुरू झाली, पण तेवढं एकच वाक्य त्या उचकीच्या मधे मधे म्हणत राहिल्या. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "मीनल, माझा हात धर गं जरा."

ठेवायचं असो की नको असो, त्यांचा प्रश्न एकच होता. त्यामुळे त्यांच्यावर दोन्हीकडून राग. नाही म्हटलं की नवरे चिडायचे, आणि गर्भपात करतात म्हणून नातेवाइकांत नाव खराब. चुलत जावेच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, सगळ्या भावकीला आमंत्रण, सिस्टरांना नाही. "माझ्या हातची ओटी नको म्हणतात," असं त्यांनी सांगितलं आणि डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या. मला इतका संताप आला! मी म्हटलं, जा आणि विचारा त्यांना तोंडावर. तर म्हणे, "नको बाई, मला भीती वाटते."

मग आमच्याकडे नवे साहेब आले. आल्या आल्या कुठल्या तरी बाईच्या नवऱ्यानं त्यांच्या केबिनबाहेर तमाशा केला, की माझ्या परवानगीशिवाय माझ्या बायकोचं कसं केलं. साहेबांनी आम्हाला बोलावलं. कायद्यानं सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्यांना आरडाओरड्याचा कंटाळा होता. म्हणाले, "यापुढे नवरा हजर असल्याशिवाय करायचं नाही. आणि कॉपर-टी बसवायला तयार असेल तरच. सरकार फुकट करतं ना? मग सरकारचं ऐकावं लागेल."

सिस्टर उभ्या होत्या. उचकी आली. परत आली. मग त्या म्हणाल्या, "साहेब, तेवढं लिहून देता का? मी जरा विसरभोळी आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पेन उचललं आणि परत ठेवलं. लिहून काही दिलं नाही. बाहेर येऊन सिस्टर जिन्याच्या पायरीवरच बसल्या. "सरकारचे पैसे म्हणजे कोणाचे गं?" त्या म्हणाल्या. "ती बाई काडेपेटी घेते त्यातही सरकारला देते. तिचंच घ्यायचं, तिलाच द्यायचं, आणि वर तिलाच अट घालायची?" एवढं बोलून झाल्यावर त्या दचकल्या आणि कोणी ऐकलं नाही ना म्हणून वर-खाली बघितलं.

लिहून मिळालं नाही म्हणून काम चालू राहिलं, पण गर्भपाताच्या गोळ्या यायच्या थांबल्या, आणि पिशवी साफ करणाऱ्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदाच यायच्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, वरून माल आलेला नाही. हातात पैसे असतील त्या बाया खासगीत जायच्या. नसतील त्या कुठं जायच्या, ते विचारू नका. फोनला घाबरणाऱ्या आमच्या सिस्टर त्या दिवसांत इतर सरकारी दवाखान्यांना एकामागून एक फोन लावायच्या आणि गोळ्यांसाठी अक्षरशः हातापाया पडायच्या.

मी एकदा विचारलंच. "सिस्टर, एवढी भीती वाटते तर दुसऱ्या वॉर्डात बदली मागा ना." त्या म्हणाल्या, "मागितली तर इथं माझ्या जागी कोण येईल? त्याची जास्त भीती वाटते."

वैशाली आली ती अशा दिवसांत. भिवंडीजवळच्या अंजूर गावची सून, शेजारच्या राहनाळची लेक. सासरची जमीन गोदामांना गेलेली, घरी आता भाड्याचा पैसा, दारात मोठी गाडी. अशा घरची बाई सरकारी दवाखान्यात रांग का लावते? कारण खासगी दवाखान्यात तिला ओळखणारे चार जण भेटले असते आणि नवऱ्याला फोन गेला असता. आमच्या गर्दीत तिच्याकडे बघायला कोणाला वेळ होता? दोन मुली होत्या. दुसऱ्या बाळंतपणात इतका रक्तस्राव झाला होता की ती जेमतेम वाचली. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि सासूनं मुलासाठी नवस बोलायला सुरुवातही केली होती.

"तुला काय हवंय?" सिस्टरांनी विचारलं.

"मना नको," ती म्हणाली. जराही थांबली नाही. "मी मेले त माज्या पोरींना कोन बघल? मना भ्या वाटतं सिस्टर. पन घरी कलला त माजा काय खरा न्हाय."

घरी तिनं दाढ दुखते असं सांगितलं होतं. दाढ काढायला भिवंडीला जाते म्हणून निघाली होती. सगळं रीतसर झालं. डॉक्टरीणबाईंचा दिवस होता, त्यांनी पिशवी साफ केली, तिला दुपारपर्यंत झोपवून ठेवलं. कॉपर-टी तिला विचारली, ती म्हणाली नंतर बघू, तर सिस्टर म्हणाल्या, बरं. निघताना मात्र सिस्टरांनी तिला थांबवलं आणि स्वच्छ कापसाचा बोळा तिच्या गालात कोंबला. "दाढ काढलीय ना तुझी? मग सूज नको दिसायला? आणि दोन दिवस पेज खा, म्हणजे झोपून राहिलीस तरी कोणी काही म्हणणार नाही." वैशालीला त्या तसल्या गालानं हसू फुटलं. आम्ही तिघीही हसलो. किती मूर्ख होतो!

सिस्टरांचा एक नियम होता. आमच्याकडून कुठलीही बाई घरी गेली की गावची आशाताई तिच्या घरी चक्कर मारते, हा सरकारी शिरस्ता. चांगला शिरस्ता आहे, बाळंतिणींचे जीव वाचतात त्यानं. पण आमच्या खोलीतून गेलेल्या बायकांबद्दल सिस्टर आशांना एक अक्षर कळू द्यायच्या नाहीत. त्यांना परत यायला सांगायच्या ते बाजाराच्या निमित्तानं. अंजूरची आशा मात्र त्या दिवशी एका बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात आली होती आणि तिनं वैशालीला आमच्या बाकावर बघितलं. अतिशय मायाळू बाई. म्हणून तर घात झाला. तिसऱ्या दिवशी ती लोहाच्या गोळ्या घेऊन आपण होऊन वैशालीच्या दारात गेली आणि सासूच्या देखत म्हणाली, "कशी हायेस गं बाय? पिशवी साफ केल्यावर रक्त कमी होतं हां, या गोळ्या चुकवू नको."

ती आशा रडत रडत आमच्याकडे आली. "सिस्टर, माज्यामुलं तिला मारतील ओ. दिरानं दार लावून घेतलान. नवऱ्याला गोदामावरून बोलावलंय."

सिस्टरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. आता ह्या खाली बसणार असं मला वाटलं. पण त्यांनी पर्स उचलली. "मीनल, चल." रिक्षात बसेपर्यंत उचकी सुरू झाली होती. अंजूरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती, मधेच एखादं हिरवं शेत उरलेलं. रिक्षा खड्ड्यांतून आदळत होती आणि सिस्टर माझा हात आवळून सांगत होत्या, "आपण सांगायचं, आपोआप पडलं. दवाखान्यात आली तेव्हा पडलेलंच होतं, आम्ही नुसतं साफ केलं. कोणाला कळत नाही त्यातलं. तू फक्त मान हलव." मी म्हटलं, तुम्हाला नीट बोलता तरी येतंय का? तर म्हणे, "येईल गं, येईल."

घर दुमजली, नवं, ओट्याला काळी चकचकीत लादी. ओट्यावर सासू उभी, तिच्यामागं दीर, दारात वैशाली. तिच्या गालावर बोटं उठलेली होती. या वेळी सूज खरी होती. दोघी पोरी तिच्या साडीला धरून होत्या.

सिस्टरांनी ठरवलं होतं तसं सांगितलं. आपोआप पडलं, आम्ही साफ केलं, तिचा दोष नाही. सांगताना आवाज चिरकत होता, पण पूर्ण सांगितलं. सासूच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तिनं सुनेकडे वळून विचारलं, "खरा का गो?"

वैशालीनं मान हलवायची होती फक्त. एवढंच. आणि ही पोरगी म्हणते, "न्हाय. मीच केला. मना नको व्हता."

मला वाटलं, संपलं सगळं. दीर असा काही ओरडला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. "चालत्या व्हा इथनं! तुमी सरकारी बाया, घरं मोडाला येता!" मी रिक्षाकडे वळलेसुद्धा. आणि सिस्टर काय करतात? ओट्याची पायरी चढल्या आणि लादीवर मांडी घालून बसल्या.

"पाव्हणी आलेय तुमच्या दारात," त्या सासूला म्हणाल्या. उचकी आली. "मी पण खाडीकाठचीच. मढव्यांची. पाणी तरी द्याल की न्हाय?"

सासूचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेजारी बघत होते. दारात बसलेल्या बाईला पाणी नाही म्हणायचं? तिनं थोरल्या नातीकडे बघितलं आणि नातीनं आतून पाण्याचा तांब्या आणून सिस्टरांपुढे ठेवला. सिस्टरांनी तांब्याला हात लावला नाही. मला जवळ बोलावून कानात म्हणाल्या, "पाव्हणा पाणी न पिता बसलेला असेल तोवर आमच्यात घरातल्या बाईवर हात टाकत नाहीत. लाज असते गं. प्यायले की मला उठावं लागेल. तू राहनाळला जा, तिच्या आईला घेऊन ये. पळ."

मी गेले. राहनाळ जवळच, पण गोदामांचे ट्रक वळत होते आणि रस्ता अडला होता. मी रिक्षात बसून नुसती रडत होते, आपल्या माघारी तिथं काय चाललं असेल या विचारानं. वैशालीची आई हातातलं कणकेचं भांडं तसंच टाकून निघाली.

आम्ही परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दारात नवऱ्याची मोटारसायकल. सिस्टर त्याच जागी. त्यांच्यापुढे तांब्या काठोकाठ भरलेला. घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला, ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि दर थोड्या वेळानं ती मेली उचकी त्यांना अख्खं हलवून जायची. समोर पाणी आणि उचकीनं जीव चाललेला! सासू उंबऱ्यात बसून त्यांच्याकडे एकटक बघत होती. दीर दिसला नाही. नवरा पायरीवर डोकं धरून बसला होता.

"मना सांगाला नको व्हता?" तो वैशालीला म्हणत होता. ओरडत नव्हता.

"सांगितला असता त तू आयेला इचारला असतास," वैशाली म्हणाली.

त्यानं मान वर करून आईकडे बघितलं.

वैशालीच्या आईनं लेकीचा हात धरला. "चल गो बाय, घरी चल." रिक्षा उभीच होती. सिस्टरांच्या चेहऱ्यावर जीव आल्यासारखं दिसलं, आता सुटलो एकदाचे असं. त्या वैशालीला म्हणाल्या, "जा, पोरींचे कपडे घे."

वैशाली हलली नाही. एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा सासूकडे. "मी न्हाय जात. माजा घर हाय ह्या. पोरींची शाला हाय. मना हितंच रवाचं हाय."

"अगं पण..." सिस्टर म्हणाल्या आणि थांबल्या. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांना तिला उचलून रिक्षात घालावंसं वाटत होतं, स्पष्ट दिसत होतं. मलाही तेच वाटत होतं. हिला कळत कसं नाही, रात्री दार लागल्यावर काय होईल? सिस्टरांनी तिच्या सुजलेल्या गालाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की. आये राहील आज माज्याजवल."

सिस्टरांनी तांब्या उचलला. दोन्ही हातांनी. उचकीनं निम्मं पाणी अंगावर सांडलं, पण तांब्या रिकामा होईपर्यंत त्या पीत राहिल्या. मग उठल्या, सासूला म्हणाल्या, "येते." वैशालीनं वाकून तांब्या उचलला आणि आईसोबत आत गेली.

रिक्षावाला निघायला लागला तर सिस्टर म्हणाल्या, "थांब जरा." आम्ही तशाच बसून राहिलो. घरातून काही आवाज येत नव्हता. मग एका पोरीचं रडणं ऐकू आलं, मग तिला कोणीतरी गप्प करतंय असा आवाज, बाईचाच. "चल आता," त्या म्हणाल्या. वळणापर्यंत त्या मागं बघत होत्या. वळण गेल्यावरही मागंच बघत होत्या, तिथं नुसते गोदामांचे पत्रे होते तरी.

धामणकर नाक्यावर त्या उतरल्या. त्याच आठवड्यात साहेबांनी त्यांची बदली लांब जव्हारकडे कुठं तरी करवली. मी दुसऱ्या दिवसापासून रजेवर होते, तेवढ्यात त्या गेल्याही. फोन लागेनासा झाला, त्यामुळे तीच आमची शेवटची भेट. त्या संध्याकाळी मी त्यांचा दंड धरायला रिक्षातून उतरणार, तेवढ्यात त्यांनी मला खुणेनं बसायला सांगितलं.

"उद्या सकाळी त्या आशाला सांग," त्या म्हणाल्या, "त्या घरावरून एक चक्कर मार म्हणावं. बाहेरूनच. ती पोरगी अंगणात दिसली तर हस फक्त. विचारू नको काही."

आणि समोरून येणाऱ्या टेम्पोसमोर हात करून त्या एकट्याच रस्त्यात उतरल्या.